चार फूट पाण्यात बुडताना

बावन्नाव्या वर्षी मी चार फूट पाण्यात बुडाले. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही हसू येईल, पण त्या सकाळी माझ्याजवळ आकडे नव्हते. माझ्याजवळ फक्त पाणी होतं. नाकात पाणी, कानात पाणी, आणि ओरडायला तोंड उघडलं की तोंडात पाणी. हात कुठे, पाय कुठे, वर कुठलं, खाली कुठलं, काही कळत नव्हतं. माझा शेवट आला आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तेवढ्यात वरून कुठून तरी एक शांत आवाज आला, "दीदी, खड़ी हो जाइए."

मी उभी राहिले. पाणी माझ्या काखेपर्यंत होतं.

काठावर आणि पाण्यात मिळून बायकांची सगळी बॅच माझ्याकडे बघत होती. लाज वाटायला हवी होती, पण झालं भलतंच. मला हसू फुटलं. आधी नाकातलं पाणी बाहेर आलं, मग उचकी, मग हसू, मग तिन्ही एकदम. शिकवणाऱ्या मुलीनं शिट्टी तोंडातून काढली आणि मला काठावर बसवलं.

मी तिथे पोचले ती गुडघ्यांमुळे. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात आहे, आणि आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. त्या जिन्यानं माझे गुडघे खाल्ले. डॉक्टरांनी फोटो पाहिला, मान हलवली आणि पोहायला सुरुवात करा म्हणाले. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, रोज पोहा."

"पोहा?" तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. "तो तर आपण रोजच खाऊन राहिलो."

मग अर्थ त्याच्या डोक्यात शिरला आणि वर्तमानपत्र खाली आलं. "पाण्यात? तू?"

त्याचं आश्चर्य रास्त होतं. मी पाण्याला भिते हे आमच्या सासर-माहेरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी सहा वर्षांची असताना इथे जबलपुरातच, नर्मदेच्या ग्वारीघाटावर, बुडता बुडता वाचले होते. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की मला ती चित्रासारखी दिसे. दगडी पायऱ्या, हिरवं पाणी, आईची किंकाळी "गेली, गेली!", नावाड्याचं वल्हं, भोवती जमलेली माणसं, आणि मधोमध ओलीचिंब रडणारी मी. नाकात पाणी गेल्याची ती झणझण सुद्धा मला आठवे. नवरा मला बघायला आला तेव्हाही मी हीच गोष्ट सांगितली होती. दुसरं काय बोलावं ते सुचलं नव्हतं. लग्नानंतर सव्वीस वर्षांत मी एकदाही नावेत पाय ठेवला नाही. पाहुणे आले की आम्ही भेडाघाटला जातो, सगळे नावेत बसून संगमरवराचे कडे बघायला निघतात, आणि मी काठावर पिशव्या सांभाळत बसते.

पण गुडघे ऐकेनात. अधारतालला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका शाळेच्या मागे स्विमिंग पूल आहे, उन्हाळ्यात सकाळी सहा ते सात बायकांसाठी असतो. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं फोनवरच कॉस्च्युम निवडून पाठवला. मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा, काळा. तो घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला स्वतःत एक मोठं वांगं दिसलं. लेकीला फोटो पाठवला. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. तिचं उत्तर आलं, "मम्मी, एकदम ऑलिम्पिक!"

तर ती मी, काठावर बसलेली, उचक्या देत.

शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. रांझीहून स्कूटीवर यायची, केस मुलासारखे कापलेले, बोलणं मोजकं. बाकीच्यांना हात मारायला सांगून ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "दीदी, पानी के अंदर आपके दिमाग ने क्या बोला?"

"डर लगा," मी म्हणाले.

"डर तो मुझे दिखा. शब्द बताइए. दिमाग ने बोला क्या?"

मला प्रश्नच कळला नाही. मनात शब्द असतात हे मला माहीत होतं, पण ते कोण ऐकत बसतं? पंख्याच्या आवाजासारखे ते चालूच असतात. ती म्हणाली, परत तोंड पाण्यात घाला, बाहेर या, आणि श्वास घ्यायच्या आधी जे डोक्यात असेल ते बोलून टाका. चांगलं-वाईट बघू नका.

मी कठडा धरला, तोंड बुडवलं आणि बाहेर येताच किंचाळले, "गेली, गेली, गेली!"

"गेली मतलब?"

"मराठी में. गई."

"कौन गई?"

"मैं! और कौन?"

"अच्छा. और?"

आणि मग एकेक बाहेर पडायला लागलं. मला स्वतःलाच ऐकून नवल वाटत होतं. त्या चार सेकंदांत मी काठावर पांढऱ्या चादरीखाली पडले होते. नवऱ्याला कारखान्यात फोन गेला होता. घरी लोक भेटायला आले होते आणि नवऱ्याला साखरेचा डबा सापडत नव्हता. तो डबे उघडून बघत होता, डाळ, पोहे, रवा. आलेली माणसं ताटकळली होती. आणि कोपऱ्यात दोन बायका कुजबुजत होत्या की बिचारी गेली, तीही त्या काळ्या कपड्यात.

मी हे सगळं बोलून दाखवलं तेव्हा माझ्या शेजारी कठडा धरून उभी असलेली बाई पाण्यातच वाकून हसायला लागली. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं मिठाईचं दुकान होतं, वय माझ्याएवढंच. ती म्हणाली, "और मेरा दिमाग बोलता है कि मैं उतरूँगी तो सारा पानी बाहर आ जाएगा, सड़क तक!"

शिकवणारी मुलगी हसली नाही. ती म्हणाली, रोज असंच बोलायचं. आत काय बोललं गेलं ते बाहेर येऊन सांगायचं.

त्या दिवसापासून आमच्या बॅचमध्ये पोहणं कमी आणि कबुलीजबाब जास्त होऊ लागले. एकेक जण डोकं बुडवी, वर येई आणि जाहीर करी. कुणाच्या मनात गॅस चालू राहिला होता, कुणाच्या मनात सासूबाई काठावर उभ्या होत्या. हसून हसून पोटात दुखे. मी घरी परतताना सिग्नलवर एकटीच हसत असे आणि शेजारचा रिक्षावाला मान वळवून बघे.

गंमत म्हणजे ही सवय पाण्याबाहेरही लागली. आपलं डोकं काय बोलतं ते एकदा ऐकू यायला लागलं की ते बंद करता येत नाही. बॅच सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. एका संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला, चहा घेतला आणि गप्प बसला. जेवायला बसला तरी गप्प. एरवी मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. मी भांडी जरा जोरात ठेवली असती, त्यानं "काय झालं?" विचारलं असतं, मी "काही नाही" म्हटलं असतं, आणि दोन दिवस घरात थंडी पडली असती. त्या दिवशी मात्र मी पोळी लाटता लाटता स्वतःला विचारलं, शब्द सांग, शब्द. आणि शब्द ऐकू आले. याला माझं पोहणं आवडलेलं नाही. याला वाटतं या वयात ही नाटकं. याच्या बहिणीनं फोन करून काही तरी भरवलं असणार. नणंदेनं काय काय भरवलं तेही वाक्यावाक्यानं तयार होतं. मी नणंदेला उत्तरसुद्धा देऊन झाले होते, आणि चांगलं झणझणीत दिलं होतं.

मी पोळपाट बाजूला सारला आणि बाहेर गेले. "अहो, तुम्ही गप्प काहून आहात?"

त्यानं गालावर हात ठेवला. "दाढेत पेरूची बी अडकली आहे. दुपारपासून. जिभेनं काढून राहिलो, निघतच नाही."

मी मटकन खाली बसले. मला हसू आवरेना. तो गोंधळून बघत होता, त्याचं दुखतंय आणि बायको लोळते आहे. मी त्याला सगळं सांगितलं, बहिणीच्या फोनसकट. तो ऐकत राहिला आणि मग अगदी हळू म्हणाला, "मग तू तिला उत्तर काय दिलं?" ते सांगितलं तेव्हा तो असा हसला की बी निघाली.

दुसरी एक गोष्ट मात्र मला सारखी खटकत होती. माझं डोकं दिवसभर हिंदीत चालतं. घरी नवऱ्याशी मराठी बोलते, पण भाजी घेणं, फायली लावणं, रस्त्यावर कुणाला मनातल्या मनात झापणं, सगळं हिंदीत. जन्म जबलपुरातला, शाळा हिंदीतली, दुसरं काय होणार? मग पाण्यात तोंड घातलं की हा एकच शब्द मराठीत का येतो? आणि ज्या आवाजात येतो तो माझा आवाज नाही. बारीक, तार सप्तकातला, लहान पोराचा असावा तसा. मला तर आजवर वाटत होतं की ती आईची किंकाळी आहे. आईचा आवाज जाडसर होता.

रविवारी मी दीक्षितपुऱ्यात दादाकडे गेले. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, रेल्वेतून निवृत्त झालेला. आई-बाबा आता नाहीत, तेव्हाचं विचारावं असा तोच एक राहिला आहे. तो खुर्चीत बसून शेंगा फोडत होता.

"दादा, मी ग्वारीघाटावर बुडाली होती न, तेव्हा आई कुठं उभी होती?"

"कोण बुडाली होती?"

"मी. सहा वर्षांची होती तेव्हा. नावाड्यानं वल्ह्यानं काढलं मला."

दादानं शेंग खाली ठेवली. "तुला नाही काढलं. तुझी चप्पल काढली."

"चप्पल?"

"तू पायरीवर बसली होती, पाय पाण्यात सोडून. बाबांनी मेळ्यातून तुला नवी लाल चप्पल आणली होती. एक पायातून सुटली अन् वाहत चालली. तू बोंबलायला लागली, गेली, गेली, गेली! अख्खा घाट जमा झाला. मग एका नावाड्यानं वल्ह्यानं ओढून आणून दिली."

"मी ओरडली? आई नाही?"

"आई तर तिकडं दिवे घेत होती."

"पण मी ओलीचिंब होती!"

"रडून."

"अन् नाकात पाणी गेलं होतं, मला आठवते!"

"सर्दी होती तुला. तुला बारा महिने सर्दी राहायची."

मी आधी चिडले. खरंच चिडले. माझ्याकडून कुणी काही तरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. सेहेचाळीस वर्षं मी मरणाच्या दारातून परत आलेली बाई होते आणि हा माणूस शेंगा फोडत मला सर्दी झालेली पोरगी करून टाकत होता. मी विचारलं, "मग आजवर बोलला काहून नाही? मी दहा वेळा तुझ्यासमोर सांगितली ही गोष्ट."

"तू इतकं रंगवून सांगायची," दादा म्हणाला, "मला वाटलं, असंल दुसऱ्या कोणत्या वेळची. मी काय रोज तुझ्यासोबत होतो?"

आणि मग ते हसू आलं. पायाच्या अंगठ्यापासून आलं. गेली! चप्पल गेली! मराठीत चप्पलही गेली आणि मुलगीही गेली, शब्द एकच. चप्पल कधीच परत आली होती, पायात गेली होती, झिजून फेकलीही गेली असेल, आणि शब्द मात्र माझ्या डोक्यात बसून राहिला होता. डोक्यानं त्या एका शब्दाभोवती सगळी कथा रचली होती. आईला तिथे उभं केलं, मला पाण्यात टाकलं, सर्दीचं पाणी नदीचं केलं. मी दिवाणावर आडवी होऊन हसत होते, वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली, आणि दादा तिला सांगत होता की काही नाही, हिची चप्पल सापडली.

जेवणं झाल्यावर दादा म्हणाला, "काय सुंदर निळी चप्पल होती ती."

"निळी? मघाशी तर लाल म्हणाला."

दादा विचारात पडला. "निळीच असंल. का लाल?" तेव्हा मला कळलं की त्याची आठवणसुद्धा तशीच, घरी शिवलेली. खरं काय घडलं ते आता नदीलाच ठाऊक. पण मी बुडाले नव्हते एवढं नक्की, कारण बुडालेल्या पोरीचा भाऊ रंगाबद्दल बोलत बसत नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं तो लोळून हसेल. तो हसला, पण मध्येच थांबला.

"म्हणजे सव्वीस वर्षं," तो म्हणाला, "मी त्या नावेत पाहुण्यांसोबत एकटा बसून राहिलो. एका चपलेपायी."

"तुम्हाला एकटं वाटायचं?"

"मग काय! नाववाला सगळं तेच तेच सांगतो. मी काठावर तू दिसते का ते बघत राहायचो."

हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आणि मी काठावरून त्या नावेकडे बघताना माझं डोकं मला काय सांगायचं? की बघ, कसा मजेत बसला आहे, आठवणसुद्धा नाही तुझी. मी ते त्याला सांगितलं. मग आम्ही दोघंही जरा वेळ काही बोललो नाही. बोललो नाही आणि दोघांनाही काही वाईट वाटलं नाही, हे मी मुद्दाम तपासून पाहिलं.

सोमवारी मी पूलवर उडतच गेले. भीतीचं मूळ सापडलं होतं, आता भीती उरेल कशी? मी बॅचला चपलेची गोष्ट हातवारे करून सांगितली, मिठाईवाल्या बाईनं डोळे पुसले, आणि मी ऐटीत पाण्यात उतरून तोंड बुडवलं.

गेली, गेली, गेली!

तोच आवाज. मी धडपडत वर आले. परत बुडवलं, परत तेच. तिसऱ्या वेळी माझे डोळे भरून आले. इतकं सगळं कळूनही काहीच बदललं नव्हतं. मी शिकवणारीला म्हणाले की आता मला सगळं माहीत आहे, तरी असं का?

तिनं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "दीदी, आपको पता चल गया. उसको थोड़ी पता चला है."

"तो क्या करूँ?"

"चिल्लाने दीजिए उसको. आप बस दो गिनती नीचे रुकिए."

मला आयुष्यात कुणी इतकी सोपी गोष्ट सांगितली नव्हती. मी नेहमी समजत आले की डोक्यात एखादी गोष्ट ओरडली की एकतर तिचं ऐकायचं, नाही तर तिला गप्प करायचं. तिसरं काही करता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. सकाळी आमच्या गल्लीत भोंगा लावून भंगारवाला येतो. तो ओरडतो, आपण वेणी घालत राहतो. त्याला कुणी उत्तर देत नाही आणि त्याला गप्प करायलाही कुणी धावत नाही.

मी तोंड बुडवलं. गेली, गेली! हो, ऐकलं. एक, दोन. वर आले. दुसऱ्या दिवशी तीन मोजले, मग चार. कधी घाबरून एकवरच परत यायचे. शुक्रवारी मी पाच मोजले, सहा मोजले, आणि सहाव्याला एक विचित्र गोष्ट झाली. आवाज थांबला. मी थांबवला नव्हता, त्याचं बोलून संपलं होतं. पाण्याखाली अगदी शांत होतं. मी डोळे उघडले. निळ्या फरश्या, एकीला कोपऱ्यात तडा. आणि त्यावर माझे स्वतःचे पाय, नखांना लेकीनं होळीला लावून दिलेल्या रंगाचे उरलेले ठिपके. इतके छान पाय आहेत माझे! मी वर आले आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं की माझे पाय फार छान आहेत. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आमची बॅच आता तशी झाली होती.

त्यानंतर आठवड्याभरात मी पाठीवर तरंगले. शिकवणारीचे दोन हात माझ्या पाठीखाली होते. कान पाण्यात, वर पांढुरकं आकाश, त्यात एक घार. मी म्हणत होते, छोड़ना मत, छोड़ना मत. मग मला दिसलं की ती चार हात दूर उभी राहून केस झटकते आहे. तिनं कधीच सोडलं होतं.

"मी तरंगून राहिली!" मी ओरडले. "अरे बघा न, मी तरंगून राहिली!"

"क्या बोली?" कुणी तरी विचारलं.

"पता नहीं," मिठाईवाल्या बाईचा आवाज आला, "खुश है."

मला हसू आलं, आणि हसल्याबरोबर मी बुडाले. हसलं की छातीतली हवा जाते आणि माणूस खाली जातो, हे मी त्या दिवशी शिकले. मी खाली गेले, पाय टेकवले, उभी राहिले, परत आडवी झाले, परत हसले, परत बुडाले. सात वाजेपर्यंत माझं हेच चाललं होतं.

जूनमध्ये बॅच संपायच्या दिवशी शिकवणारी म्हणाली, आज एक लांबी. त्या पूलच्या मध्यावर तळाला एक लाल पट्टी आहे, तिच्या पलीकडे पाय टेकत नाहीत. मी पट्टीपर्यंत शंभरदा गेले होते. त्या सकाळी मी निघाले आणि पट्टी जवळ येताच डोक्यात नवीन वाक्यं सुरू झाली. आता मराठी संपून हिंदी आली होती. बस, यहीं तक. किसी को क्या पड़ी है. घुटने के लिए आई थी, घुटना ठीक है, चलो वापस. किती गोड समजावत होतं! भीती ओरडते तेव्हा ओळखता येते, पण ही तर माझ्या काळजीनं बोलत होती. पाण्यातच मला तिचं कौतुक वाटलं. हो, ऐकलं, म्हटलं, आणि हात मारत राहिले.

लाल पट्टी खालून गेली. पुढे फरश्या गडद होत गेल्या. माझा हात भिंतीला लागला.

वळायचं कसं ते मला शिकवलं नव्हतं. मी भिंतीला पालीसारखी चिकटले, मागून शिट्टी आणि टाळ्या ऐकू येत होत्या. शेवटी शिडी धरून वर आले आणि पूलच्या कडेनं पूर्ण वळसा घालून चालत परत निघाले. ओली, धापा टाकणारी, काळी, आणि दोन्ही बाजूंना हात हलवत. बायका पाण्यातून माझ्यावर पाणी उडवत होत्या. मिठाईवाल्या बाईनं दुकानातून खव्याची जिलबी आणली होती, गरम आणि काळपट, पाक टपकणारी. आम्ही ओल्या हातांनी तिथेच काठावर बसून खाल्ली. शिकवणारीनं दोन खाल्ल्या आणि पहिल्यांदा आमच्यासमोर दात दाखवून हसली.

मी शहाणी झाले आहे असं म्हणवत नाही. परवाच लेकीनं चार तास फोन उचलला नाही, तेव्हा मी मनात पुण्याला जाऊन दोन दवाखाने पालथे घातले होते. ती झोपली होती. फरक इतकाच, आता तिसऱ्या दवाखान्याच्या दारात मला माझं बोलणं ऐकू येतं आणि मी परत फिरते. कधी कधी दुसऱ्याच्याच.

जिलबी खाऊन त्या दिवशी मला कार्यालयात पोचायला उशीर झाला. केस ओले होते, आणि पोहायच्या चष्म्यात पाणी शिरल्यानं डोळे पूलच्या औषधानं लालभडक झाले होते. मी पहिलं टपाल उघडते न उघडते तोच साहेबांनी आत बोलावलं. साहेब भला माणूस, बोलायला बुजरा. त्यांनी दार लोटून घेतलं, खुर्ची पुढे केली, आणि टेबलावरची पेन्सिल इकडून तिकडे ठेवत म्हणाले, "मैडम, मैं कई दिन से देख रहा हूँ. रोज सुबह आपकी आँखें लाल रहती हैं. घर में सब ठीक है न? मैंने आपकी छुट्टी की बात ऊपर कर ली है. पंद्रह दिन, जितनी चाहिए."

मी त्यांच्याकडे बघितलं. दोन महिने हा माणूस रोज सकाळी माझे डोळे बघून मनातल्या मनात माझा संसार मोडत होता. माझ्या नवऱ्याला त्यानं काय काय केलं असेल देव जाणे. मला सांगायचं होतं की साहेब, मी पोहते, आज पूर्ण लांबी पोहले. तोंड उघडलं, "सर, मैं," इतकंच म्हणाले आणि हसू फुटलं. तोंडावर रुमाल धरला, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून धारा लागल्या. साहेबांचा चेहरा पडला. ते लगबगीनं उठले, आपली बाटली उघडली, ग्लास काठोकाठ भरून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "लीजिए मैडम, थोड़ा पानी."

मी ते सगळं पाणी प्याले आणि मग त्यांना पहिल्यापासून सांगायला बसले.